जुन्या प्रवासी विमानांच्या सांगाड्यातले तडे: तपासणी आणि दुरुस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगाड्याला तडा गेला म्हणजे ते विमान धोक्याचं झालं का?

लगेच नाही. जुन्या विमानात कुठे ना कुठे तडे जाणार, हे धरूनच आज विमानांची रचना आणि देखभाल ठरवली जाते. तडा नेमका कुठे आहे, किती लांब आहे, दर उड्डाणाला किती वाढतो आणि तो जीवघेणा होण्याआधी आपल्या हाती लागेल का, यावर सगळं अवलंबून असतं. सापडलेला, मोजलेला आणि नोंदवलेला तडा मला फारसा घाबरवत नाही. घाबरवतो तो एखाद्या दुरुस्तीच्या पत्र्याखाली झाकला गेलेला.

धातू ‘थकतो’ म्हणजे त्यात नेमकं काय होतं?

विमान वर गेलं की बाहेरची हवा विरळ होते, आणि केबिनमधला दाब माणसांना सोसेल इतका ठेवावा लागतो. या फरकामुळे धडाच्या आतल्या बाजूवर दर चौरस मीटरला साधारण पाच ते सहा टनांचा रेटा येतो. खाली उतरलं की तो रेटा जातो. ज्या पत्र्यावर हे सगळं येतं तो बऱ्याच ठिकाणी जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. एका फेरीत त्याला काहीही होत नाही. पण हजारो वेळा ताणून सोडल्यावर सगळ्यात जास्त ताण असलेल्या जागी सूक्ष्म तडा सुरू होतो. यालाच फटीग, म्हणजे धातूचा थकवा, म्हणतात.

ही जागा बहुतेक वेळा भोकाच्या कडेला असते. रुंद पत्र्याला एक गोल भोक पाडलं की त्याच्या कडेवरचा ताण आजूबाजूच्या जवळपास तिप्पट होतो. आणि विमानात रिव्हेटची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची, भोकं लाखोंनी असतात. त्यातल्या एखाद्याच्या कडेला ड्रिलचा ओरखडा राहिला असेल, तर सुरुवात तिथूनच होते.

आणखी एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. तडा एकसारख्या वेगाने वाढत नाही. आयुष्याचा मोठा भाग तो इतका लहान असतो की कुठल्याच उपकरणाला दिसत नाही. मग तो हळूहळू लांबतो, आणि लांबी वाढेल तसा वेगही वाढत जातो. शेवटचा टप्पा फार थोड्या उड्डाणांत उरकतो.

विमानाचं वय वर्षांत मोजायचं की उड्डाणांत?

दोन्हींत, आणि उड्डाणाच्या तासांतही. धडाच्या दृष्टीने मात्र उड्डाण-फेऱ्या, म्हणजे सायकल, सगळ्यात महत्त्वाच्या. चौदा तासांच्या एका प्रवासात केबिन एकदाच फुगते. अर्ध्या तासाची चौदा उड्डाणं केली तर चौदा वेळा.

28 एप्रिल 1988 रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 विमानाचं सुमारे 18 फूट लांबीचं छप्पर 24,000 फुटांवर उडून गेलं. विमान 1969 मधलं, म्हणजे एकोणीस वर्षांचं. वय तसं काही भयंकर नव्हतं. पण बेटांमधल्या छोट्या फेऱ्या करत त्याने 89,680 सायकल पूर्ण केल्या होत्या, तेही समुद्राच्या खाऱ्या हवेत. एका हवाई सेविकेचा जीव गेला. वैमानिकांनी ते विमान उतरवलं, हे त्यांचं कौशल्य.

वर्षांचा हिशेब गंजासाठी लागतो. गंज विमान जमिनीवर उभं असतानाही थांबत नाही.

बारीक बारीक अनेक तडे एका मोठ्या तड्यापेक्षा वाईट का मानतात?

अलोहाच्या अपघाताने शिकवलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. त्या विमानात धडाचे पत्रे एकमेकांवर थोडे चढवून जोडले होते. याला लॅप जॉइंट म्हणतात. जोडात रिव्हेटसोबत चिकटपट्टाही होता. तो सुटला, ओल आत शिरली, गंज चढला आणि सगळा भार रिव्हेटवर आला. रिव्हेटची डोकी पत्र्यात बुडवण्यासाठी भोकांना उतार दिलेला असतो. पत्रा पातळ असल्यामुळे त्या उताराची खालची कड सुरीच्या धारेसारखी झाली होती. एकाच ओळीतल्या अनेक भोकांना तडे गेले.

एकच तडा असता तर तो वाढत जाऊन पुढच्या फ्रेमपाशी, म्हणजे पत्र्यामागच्या आधाराच्या कड्यापाशी, अडला असता, पत्र्याचा तेवढाच तुकडा झडपेसारखा उघडला असता, दाब निघून गेला असता आणि विमान उतरलं असतं. रचनाकारांनी तसंच गृहीत धरलं होतं. पण ओळीतल्या प्रत्येक भोकाला छोटा तडा असेल तर मधला शाबूत धातू आधीच कमी झालेला असतो. मग ते तडे एका झटक्यात जोडले जातात आणि अडवणारं काही उरत नाही. याला सर्वदूर पसरलेलं फटीग नुकसान म्हणतात. सुटा तडा शोधणारी ठरावीक तपासणी इथे पुरत नाही, म्हणून अशा जागी तडे दिसायची वाट न पाहता ठरलेल्या सायकलनंतर जोडच बदलतात.

तपासणीचा काळ कोण ठरवतं, आणि कसा?

निर्माता कंपनी ठरवते, अमेरिकेची एफएए किंवा युरोपची ईएएसए अशी नियामक संस्था मंजूर करते. गंभीर बाब असेल तर नियामक संस्था थेट एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे सक्तीचा आदेश, काढते, आणि तो पाळल्याशिवाय विमान उडवता येत नाही.

गणित असं. आपल्या पद्धतीने खात्रीने सापडेल अशी तड्याची सगळ्यात लहान लांबी किती, ते आधी ठरवायचं. मग भाग ठरलेला सर्वाधिक भार पेलू शकणार नाही अशी लांबी काढायची. पहिल्यापासून दुसरीपर्यंत पोहोचायला जितकी उड्डाणं लागतील, त्या काळात तपासणीच्या किमान दोन-तीन संधी यायला हव्यात. एका वेळी नजरेतून सुटला तरी पुढच्या वेळी सापडावा, हा हिशेब. म्हणून तपासणी ‘एवढा एकदा पुढे ढकलू’ असं म्हणणं मला अजिबात पटत नाही. ढकललेली प्रत्येक तपासणी त्या दोन-तीन संधींपैकी एक खाते.

हा विचार नियमांत आला त्यामागे मोठी किंमत मोजलेली आहे. 14 मे 1977 रोजी झांबियात लुसाकाजवळ एका मालवाहू बोइंग 707 ची उजवी आडवी शेपटी उतरताना तुटली आणि विमानातले सहाही जण गेले. शेपटीच्या मागच्या स्पारची, म्हणजे आतल्या मुख्य तुळईची, वरची पट्टी फटीगने तुटली होती. रचना ‘एक भाग तुटला तरी दुसरा भार घेईल’ अशा तत्त्वावर होती. दुसऱ्या भागाने काही काळ भार घेतलाही. पण पहिला तुटल्याचं कुणालाच कळलं नाही, आणि पर्यायी मार्गाचा उपयोग पहिला बिघाड वेळेत सापडला तरच असतो. पुढच्याच वर्षी, 1978 मध्ये, अमेरिकी नियम बदलले आणि तडा धरून चालणारी रचना, म्हणजे डॅमेज टॉलरन्स, नव्या विमानांसाठी आवश्यक झाली.

तडे कुठे शोधतात?

दरवाजे आणि खिडक्यांचे कोपरे, लॅप जॉइंट, मागचा दाब रोखणारा घुमट, पंख धडाला जोडणारे भाग, इंजिन धरणाऱ्या पायलॉनच्या जोडण्या, फ्लॅपचे रूळ, मालाच्या दारांच्या चौकटी. सतत दाब झेलणारी किंवा एका बिंदूतून मोठा भार नेणारी जागा आली की ती यादीत आलीच. नोव्हेंबर 2025 मध्ये लुइव्हिल इथे उड्डाण घेताना एमडी-11 मालवाहू विमानाचं डावं इंजिन पायलॉनसकट निखळलं. तपासाच्या प्राथमिक अहवालात पायलॉनच्या मागच्या जोडणीत फटीगचे तडे नोंदले आहेत.

यादी कधीच पूर्ण नसते, हेही सांगायला हवं. 2019 मध्ये बोइंग 737 एनजी जातीच्या विमानांत पंख आणि धड जोडणाऱ्या ‘पिकल फोर्क’ नावाच्या भागात तडे निघाले. ते आधी सापडले एका प्रवासी विमानाचं मालवाहू विमानात रूपांतर चालू असताना. भाग 90,000 सायकल टिकेल असं धरलं होतं. एफएएने 30,000 सायकल ओलांडलेल्या विमानांची तपासणी सात दिवसांत करायला लावली. त्या भागाकडे आधी कुणी खास लक्ष देत नव्हतं. दुसऱ्याच कामासाठी उघडलेल्या जागेत कुणीतरी नीट पाहिलं म्हणून कळलं.

इतकी उपकरणं असताना डोळ्यांनी तपासणी अजून का करतात?

कारण विमानाच्या सांगाड्याची बहुतांश तपासणी आजही डोळ्यांनीच होते. टॉर्च, आरसा, भिंग, अरुंद जागेसाठी बोरोस्कोप. त्यातही पायऱ्या आहेत: हाताच्या अंतरावरून सर्वसाधारण नजर, नेमक्या भागाची बारकाईने पाहणी, आणि गरज पडल्यास स्वच्छता करून, झाकणं काढून खास पाहणी.

सराईत निरीक्षक तड्यापेक्षा त्याच्या खुणा आधी पाहतो. रिव्हेटच्या मागे वाऱ्याच्या दिशेने ओढलेली काळी रेघ, उडालेला रंग, दोन पत्र्यांमध्ये गंज साठल्याने आलेला उशीसारखा फुगवटा, सतत झिरपणारं इंधन. शेवटची खूण फार महत्त्वाची. 19 डिसेंबर 2005 रोजी मायामीत चॉक्स ओशन एअरवेजच्या ग्रुमन मॅलार्ड या जुन्या सी-प्लेनचा उजवा पंख तुटून वीस जण गेले. त्या पंखातून इंधन झिरपत होतं आणि त्यावर सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लेप, लावलं जात होतं. गळती वारंवार होत असेल तर गळती बुजवून काम संपत नाही; धातू का उघडला, हे शोधावंच लागतं.

या कामाचा माणसावर येणारा ताण कमी लेखू नये. अलोहा अपघाताच्या अहवालात याचं फार प्रामाणिक वर्णन आहे: धडाच्या माथ्यावर उभं राहून, कधी छपराच्या तुळयांना दोर बांधून, हातात दिवा आणि उपकरण घेऊन एकामागून एक रिव्हेट पाहत जायचं, बहुतेक वेळा रात्री. हजार रिव्हेट ठीक निघाल्यावर एक हजार एकावा तितक्याच लक्षाने पाहणं ही मोठी शिस्त आहे. चांगला प्रकाश, पक्का मचाण आणि पुरेसा वेळ ही चैन नव्हे. तोही तपासणीच्या उपकरणांचाच भाग आहे.

एडी करंट, अल्ट्रासॉनिक, एक्स-रे: यातलं कधी काय वापरतात?

ॲल्युमिनिअमच्या पत्र्यासाठी एडी करंट हे रोजचं हत्यार. पत्र्यावर टेकवायच्या कांडीत, म्हणजे प्रोबमध्ये, तारेचं वेटोळं असतं; त्याने धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात. तड्यापाशी ते वळतात आणि पडद्यावरचा बिंदू उडी मारतो. जास्त वारंवारता वापरली तर पृष्ठभागावरचे बारीक तडे दिसतात, रंगाच्या थरातूनही. कमी वारंवारतेचा प्रवाह खोल जातो आणि खालच्या पत्र्यातले तडे दाखवतो, पण ते बरेच मोठे असावे लागतात. सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे रिव्हेट किंवा बोल्ट काढून भोकात फिरता प्रोब घालणं. वेळखाऊ, पण उत्तर स्पष्ट मिळतं.

अल्ट्रासॉनिक जाड भागांसाठी आणि काढता न येणाऱ्या बोल्टभोवती उपयोगी. एक्स-रे आतल्या रचनेसाठी चांगला, पण तडा किरणांच्या दिशेत नसला तर तो सहज निसटतो. पोलादी भागांना चुंबकीय कणांची चाचणी.

प्रत्येक वेळी उपकरण आधी नमुन्याच्या तुकड्यावर लावून पाहतात. त्यात ठरावीक मापाची खाच मुद्दाम कापलेली असते. नमुन्याचा धातू, जाडी आणि भोकाचा आकार प्रत्यक्ष भागाशी जुळत नसेल, तर पुढचं सगळं मोजमाप वाया.

डाय पेनिट्रंट तर सोपं वाटतं. तेच सगळीकडे का वापरत नाहीत?

डाय पेनिट्रंट म्हणजे तड्यात शिरून त्याची रेघ दाखवणारा रंगीत किंवा चमकणारा द्रव. तड्याचं तोंड पृष्ठभागावर उघडं असेल तरच ते चालतं. रंग, तेल, सीलंट यांनी तोंड बुजलं असेल तर द्रव आत शिरत नाही. याहून फसवी गोष्ट म्हणजे सँडिंग. भाग साफ करायच्या उत्साहात कुणी घासला, तर मऊ ॲल्युमिनिअम पसरून तड्याचं तोंड झाकतं आणि चाचणी ‘निर्दोष’ सांगते. अशा वेळी रसायनाने वरचा थर उतरवूनच चाचणी घ्यावी लागते.

चमकणारं पेनिट्रंट अंधारात अतिनील दिव्याखाली पाहतात. निरीक्षकाने आधी किमान एक मिनिट अंधारात थांबून डोळे सरावू द्यायचे असतात, आणि उजेडात काळा पडणारा चष्मा चालत नाही. असे नियम क्षुल्लक वाटतात, पण पुसट हिरवी रेघ दिसणं न दिसणं त्यावरच ठरतं.

तडा सापडल्यावर पहिलं काम कोणतं?

त्याचं खरं टोक शोधणं. डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढेही तडा गेलेला असतो, म्हणून एडी करंटने टोक नक्की करतात. मग लांबी, दिशा, जवळच्या भोकांपासूनचं अंतर, मागच्या फ्रेम किंवा स्ट्रिंगरची (लांबीच्या दिशेने जाणाऱ्या आधारपट्टीची) अवस्था, सगळं नोंदवतात. दुसऱ्या बाजूचा तसाच भागही तपासतात, कारण भार सारखा असेल तर तडाही सारखाच असण्याची शक्यता असते.

नंतर स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअल उघडतात. नुकसान त्यातल्या मर्यादेत असेल तर छापील दुरुस्ती करता येते. मर्यादेबाहेर असेल तर निर्मात्याकडून किंवा अधिकृत अभियंत्याकडून खास मंजूर आराखडा मागवावा लागतो. ‘असंच आम्ही मागच्या विमानात केलं होतं’ ही मंजुरी नाही.

टोकाला भोक पाडलं की तडा थांबतो, हे खरं का?

काही काळ, हो. तड्याचं टोक अतिशय तीक्ष्ण असतं. तिथे गोल भोक पाडलं की ताण विखुरतो. पण भोक टोकाच्या जरा अलीकडे पडलं तर तडा पलीकडे तसाच शिल्लक राहतो आणि आपण समाधानात राहतो. म्हणून भोक पाडल्यावर पुन्हा एडी करंट लागतंच. मुख्य भार घेणाऱ्या भागात हा उपाय फार तर तात्पुरता.

रिव्हेटच्या भोकाच्या कडेला अगदी छोटा तडा असेल, तर भोक थोडं मोठं करून तडाच काढून टाकतात आणि मोठ्या मापाचा रिव्हेट किंवा बोल्ट बसवतात. पत्र्याच्या कडेपासून पुरेसं अंतर उरत असेल तरच. अनेकदा त्यानंतर भोक थंड अवस्थेतच ताणून रुंदावतात. त्यामुळे भोकाभोवतीचा धातू कायमचा दाबलेल्या अवस्थेत राहतो आणि नवा तडा सुरू व्हायला बराच उशीर लागतो.

याच गुणधर्माने कॉमेट विमानाच्या रचनाकारांना फसवलं होतं. चाचणीच्या ज्या धडावर त्यांनी आयुष्य मोजलं, त्यावर आधी खूप जास्त दाबाची चाचणी झाली होती. त्या दाबाने खिडक्यांचे कोपरे नकळत बळकट झाले आणि तो नमुना खऱ्या विमानांपेक्षा कितीतरी जास्त टिकला. 1954 मध्ये जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन कॉमेट भूमध्य समुद्रावर फुटली. नंतर फार्नबरोला पाण्याच्या टाकीत एक वापरलेलं धड दाब देऊन-काढून तपासलं, तेव्हा ते आधीची उड्डाणं धरून साधारण 3,000 फेऱ्यांतच फाटलं.

वेल्डिंग करून तडा का बुजवत नाहीत?

धडाचा 2024 क्रमांकाचा आणि पंखांतला 7075 क्रमांकाचा हे ॲल्युमिनिअमचे मिश्रधातू उष्णता-प्रक्रियेने ताकद मिळवतात. वेल्डिंगच्या उष्णतेने ती जाते आणि शिवाय नवे तडे पडतात. ॲल्युमिनिअमच्या मुख्य सांगाड्यात हा पर्याय नाही.

वरून जाड पत्रा रिव्हेट केला की काम भक्कम होत नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि इथेच सगळ्यात मोठ्या चुका झाल्या आहेत. जुन्या कापडाला जाडजूड ठिगळ लावलं की कापड ठिगळाच्या कडेला फाटतं. दुरुस्तीसाठी वरून बसवलेल्या पत्र्याचं, म्हणजे डब्लरचंही, तसंच. तो जितका जाड आणि ताठ, तितका जास्त भार स्वतःकडे ओढतो, आणि तो भार त्याच्या पहिल्या रिव्हेट-ओळीत मूळ पत्र्यावर एकदम येतो. म्हणून चांगला डब्लर योग्य जाडीचा, कडेला टप्प्याटप्प्याने पातळ होणारा आणि नुकसानापलीकडे पुरेसा पसरलेला असतो.

12 ऑगस्ट 1985. जपान एअरलाइन्सचं 123 क्रमांकाचं उड्डाण, बोइंग 747. सात वर्षांपूर्वी ओसाकाला उतरताना त्याची शेपटी धावपट्टीला घासली होती आणि निर्मात्याच्या पथकाने मागचा दाब रोखणारा घुमट दुरुस्त केला होता. आराखड्यात जोडपट्टी अखंड होती. प्रत्यक्षात ती दोन तुकड्यांत बसली, आणि रिव्हेटच्या ज्या ओळींनी भार वाटून घ्यायचा त्यांतल्या एकाच ओळीवर तो आला. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळणं जवळपास अशक्य. 12,000 हून अधिक उड्डाणांनंतर घुमट फुटला, शेपटी गेली, हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. 520 माणसं गेली, चार वाचली.

25 मे 2002 रोजी चायना एअरलाइन्सचं 611 क्रमांकाचं उड्डाण, तेही 747, तैवानच्या सामुद्रधुनीवर हवेतच तुटलं. 225 जण गेले. त्याची शेपटी फेब्रुवारी 1980 मध्ये हाँगकाँगला घासली होती. घासलेला पत्रा कापून काढायला हवा होता. तो तसाच ठेवून वरून डब्लर बसवला गेला, आणि ओरखडे त्याच्या आवाक्याबाहेरही होते. बावीस वर्षं त्या ओरखड्यांतून तडे वाढत राहिले. मुख्य तडा किमान 71 इंच लांब झाला होता. डब्लरमुळे बाहेरून ते दिसत नव्हते. जुन्या दुरुस्त्यांचं पुनर्मूल्यांकन त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हायचं होतं.

या दोन्ही विमानांत मूळ नुकसानाने जीव घेतला नाही, चुकीच्या दुरुस्तीने घेतला. आज जुन्या विमानाच्या प्रत्येक जुन्या डब्लरची नोंद, मापं आणि पुढच्या तपासणीचा काळ मागितला जातो तो यामुळे. कागद नसेल तर तो डब्लर काढून खाली काय आहे ते पाहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. खर्च होतो. होऊ द्यावा.

भोकं न पाडता चिकटवलेलं पॅच चालतं का?

चालतं, काही ठिकाणी फार छान चालतं. बोरॉन-इपॉक्सीचं, म्हणजे बोरॉनचे तंतू घातलेल्या राळेचं, पॅच तडा गेलेल्या पत्र्यावर चिकटवलं की नवी भोकं पडत नाहीत आणि भार सर्वत्र सारखा पसरतो. ऑस्ट्रेलियातल्या संरक्षण संशोधकांनी लष्करी विमानांवर हे तंत्र मुरवलं. अडचण एकच, पण मोठी: चिकटलं आहे की सुटलं आहे हे उपकरण सांगतं, किती घट्ट चिकटलं आहे हे खात्रीने सांगणारी, न तोडता करता येणारी चाचणी नाही. सगळी मदार पृष्ठभागाच्या तयारीवर. म्हणून महत्त्वाच्या भागात असं पॅच लावताना, ते पूर्ण सुटलं तरी मूळ भाग आवश्यक भार पेलेल अशी अट असते.

लँडिंग गिअरलाही थोडा तडा चालतो का?

नाही. अतिशय कणखर पोलादात जीवघेणा तडा इतका छोटा असतो की शोधून थांबवायला वेळच मिळत नाही. त्या भागांना ठरलेलं आयुष्य असतं. ते संपलं की भाग बाद, तडा असो वा नसो.

रंग काढतानाही विमानाचं नुकसान होतं म्हणतात. खरं का?

खरं. जुना रंग किंवा जोडातलं सीलंट धारदार हत्याराने खरवडताना पत्र्यावर बारीक रेघ ओढली जाते. लॅप जॉइंटच्या कडेने गेलेली अशी रेघ दाबाच्या ताणाला नेमकी आडवी येते, आणि पुढे तिच्यातून तडा निघतो. अनेक 737 विमानांवर अशा रेघा सापडल्यावर त्यांच्यासाठी वेगळ्या तपासण्या आखाव्या लागल्या. सीलंटसाठी प्लास्टिकचं किंवा लाकडाचं पातं वापरायला सांगतात ते म्हणूनच.

मग जुनं विमान किती काळ उडवता येतं?

पूर्वी काटेकोर कमाल मर्यादा नव्हती; तपासण्या वाढवत नेल्या की विमान चालत राहायचं. 2010 मध्ये एफएएने नियम केला की मोठ्या प्रवासी विमानांच्या निर्मात्यांनी ‘लिमिट ऑफ व्हॅलिडिटी’ जाहीर करावी, म्हणजे चाचण्या आणि विश्लेषणाचा आधार जिथवर पुरतो तेवढ्या सायकल किंवा तास. ती ओलांडून विमान चालवता येत नाही. निर्मात्याने नवा पुरावा देऊन ती वाढवून घेतली, तरच पुढे जाता येतं.

प्रवासी म्हणून मला पत्र्यावर ठिगळं दिसली किंवा तड्यासारखं काही दिसलं, तर?

दाराजवळ, मालाच्या दारांभोवती चौकोनी, गोल कोपऱ्यांचे आणि नीट ओळीत रिव्हेट मारलेले पत्रे दिसले तर ते बहुधा मंजूर डब्लर असतात. शिडीच्या आणि मालगाड्यांच्या धक्क्यांमुळे तिथे ते असणं नेहमीचं आहे. रंगाला गेलेली भेगही सहसा रंगापुरतीच असते.

तरीही शंका आली तर दारातल्या कर्मचाऱ्याला सांगा. अलोहाच्या त्या विमानात चढताना एका प्रवासी महिलेला दाराजवळ पत्र्यात भेग दिसली होती. तिने कुणालाच सांगितलं नाही. जागा दाखवून ‘इथे काहीतरी दिसतंय’ एवढं म्हटलं तरी पुरतं. तो तडा आहे की रंग, हे ठरवणं तंत्रज्ञाचं काम.